देव आली

आई,
हे तुला वाचता येणार नाही, म्हणून लिहितेय.
चिचेवात लिहिलं असतं तर
मुकादमाच्या पोरीकडून तू वाचून घेतलं असतंस
आणि थ्योलोच्या सगळ्या चहामळ्यांत झालं असतं
की तियामिके तीन रविवार उपासनेला गेली नाही.

फोनवर मी 'गेले होते' म्हणाले.
आपल्या भाषेत खोटं मला सहज जमतं.
मराठीत अजून नाही,
क्रियापदापाशीच अडखळते.

खडकीची ही खोली बारावी.
आधीच्या अकरा दारांनी
माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
मग सांगितलं, मालक गावाला गेलेत.
अकरा मालक, एकाच आठवड्यात गावाला.
इथली पोरं मला टिमकी म्हणतात.
टिमकी म्हणजे छोटा ढोल, हे नंतर कळलं.
तोवर मी ओ द्यायला लागले होते.

कॉलेजात मी माती चाळते. काळी.
उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिला,
वरची माती आत पडते, आतली वर येते.
सर म्हणतात, ही स्वतःच स्वतःला नांगरते.
मी आपल्या तांबड्या मातीचं सांगितलं,
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
त्या दिवशी खूप दिवसांनी भूक लागली.

आणि चतुर्थीला खालच्या ढमढेरेकाकूंनी
वाटीभर साबुदाण्याची खिचडी दिली.
पहिल्या घासाला जीभ थबकली:
अगं, हा तर आपला चिनांग्वा!
मोत्यांचा वेष घेऊन उपासाला बसलाय.
त्यांच्या उपासात मी
पोटभर घरी जाऊन आले.

चर्चमध्ये मात्र मी पाहुणी.
दर रविवारी पाळकसाहेब म्हणायचे,
आता आपल्या आफ्रिकेच्या भगिनी एक गाणं म्हणतील.
मी म्हणायचे.
ते टाळ्या वाजवायचे, चुकीच्या ठेक्यावर, मनापासून.
वर्षभर पहिला बाक, वर्षभर पहिला चहा.
पाहुणीला कुणी रडू देत नाही, आई.
म्हणून तीन रविवार
पंख्याखाली पडून राहिले, दार लावून.

बुधवारी अमोलिकबाई आल्या,
स्कूटीवर मागे बसवून
बायकांच्या प्रार्थनेला घेऊन गेल्या.
एकेक करत पाळी माझ्यापर्यंत आली.
आपल्यात तो-ती नाहीच, सगळ्यांना एकच 'इये'.
इथे आधी देवाचं लिंग ठरवायचं,
मग त्याला यायला सांगायचं.
घाईत मी म्हणाले, "देव आली."

कुणी तरी फिसकन हसलं. मग सगळ्याच.
मी सुधारणार, तेवढ्यात अमोलिकबाई,
डोळे मिटलेलेच,
"येऊ दे. आली तर आली."

आणि या देवाला 'तू' म्हणतात, आई!
आपण 'इनु' म्हणतो, गुडघे टेकून, अंतर राखून.
तुलाही 'इनु'च.
'इवे' ते पोरासोरांना, शेळ्यांना.
इथे देवाला तू, आईला तू.
त्या बुधवारी मी दोघींना
पहिल्यांदा तू म्हणाले.
पुढे काय म्हणाले ते मात्र
या कागदालाही सांगत नाही.

आज रविवार.
उपासना संपली, बाईंनी ट्रे पुढ्यात ठेवला:
प्रभुभोजनाचे पेले, भातुकलीतले असावेत एवढाले,
एकशे चाळीस.
"बघत काय बसलीस? पाणी अकराला जातं. हात चालव."
गाणं कुणी मागितलं नाही.
तळाशी वाळलेला द्राक्षरसाचा ठिपका
करंगळीनंच निघतो, अंगठा आत जात नाही.
शंभराच्या आसपास नळ खोकला आणि गेला.
उरलेले बादलीत बुडवले.
माझ्या हातून एक फुटला,
तर बाई ओरडल्या.
माझ्यावर. नावानं.

संध्याकाळी तुझा फोन येईल.
गेली होतीस का?
गेले होते.
काय गायलीस?
काही नाही.

अगदी खरं सांगेन, आई,
आणि नेमकी या वेळी
तुला काळजी लागेल.